वेलीला सवय लागत नाही

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात ग्रामसभेचा कोरम भरायची मारामार असते. यंदा मात्र देवळापुढचा मंडप भरला, कारण विषय हिवतापाचा निघाला. पावसाळ्यानंतर गावात तिघा-चौघांच्या रक्तात मलेरिया सापडला होता. त्यातल्या दोघांचा ताप गोळ्या घेऊन उतरला आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा उलटला. मग काय, माईकसाठी रांग. एक जण म्हणाला, "ह्यो आजार ऊसतोडवाल्यांनी आणलाय. टोळ्या आल्या की ताप येतोय. आन् आता गोळ्या बी लागू पडंनात, तसला जंतू आणलाय." दुसऱ्यानं त्याला मध्येच तोडलं, "जंतूचं काय घिऊन बसलाय, सरकारी गोळ्याच बोगस हायत. खडू हाय खडू." तिसरे एक निवृत्त गृहस्थ, शिकलेसवरलेले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की, हल्ली लोक येताजाता गोळ्या खातात, त्यामुळे शरीराला औषधाची सवय होते आणि मग गुण येत नाही. टाळ्या त्यांनाच पडल्या.

मला या तिन्ही बोलण्यांत एकच खोट दिसली. तिघेही गुन्हेगार शोधत होते. एकाला परका माणूस सापडला, एकाला सरकार, एकाला आपलंच अंग. जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो कसा, हे कुणीच विचारलं नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दाद न देणारा जंतू उपचारांतून घडतो. कुठलं औषध, किती, किती दिवस, कशाच्या जोडीनं आणि रक्त तपासून की न तपासता, यावर सगळं ठरतं. आणि ज्या गावात ‘तो आणला कुणी’ याची चौकशी सुरू होते, तिथं आजारी माणूस तोंड लपवतो, लपलेला माणूस चार गोळ्यांवर भागवतो, आणि ज्या जंतूला आपण भीत होतो त्यालाच आपण पोसायला लागतो.

आधी सवयीचं बघू. टाळ्या तिथं पडल्या म्हणून नव्हे, तर गावातल्या निम्म्या लोकांना खरं उत्तर ठाऊक होतं म्हणून. आमच्याकडे टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर द्राक्षबागा वाढल्या, आणि तासगाव-पलूसकडे तर त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डाऊनीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीवर, एकच आंतरप्रवाही (वेलीत भिनणारं) औषध लागोपाठ मारलं की दोन-तीन हंगामांत ते फसतं, हे बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. पण तेव्हा तो काय म्हणतो? वेलीला औषधाची सवय झाली, असं म्हणतो का? तो म्हणतो, डाऊनीला रेझिस्टन्स आला. बागेत कोट्यवधी बीजाणू असतात, त्यातले काही मुळातच जरा वेगळे निपजलेले असतात. औषधानं बाकीचे मेले की रान यांनाच मोकळं. वेल होती तशीच राहते, बदलते ती बुरशीची वस्ती. हाच माणूस स्वतःला थंडीताप भरला की मात्र "मला आता त्या गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणतो, जणू गोळीचं भांडण त्याच्या अंगाशी आहे. थोडा दोष आपल्या भाषेचाही असावा. माणसाच्या अंगातली प्रतिकारशक्ती आणि जंतूनं औषधाला केलेला प्रतिकार, दोन्हींना आपण एकाच शब्दात कोंबतो आणि मग दोन्हींचा काला होतो.

माणसाच्या अंगात घडतं ते असं. मलेरियाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून तिथलं हिमोग्लोबिन खातो. त्या खाण्यातून लोहाचा एक विषारी भाग मागे उरतो. जंतू त्याचे खडे करून ते विष निरुपद्रवी करतो. क्लोरोक्विन नेमकं जंतूच्या त्या पोटात जाऊन बसतं आणि खडे होऊ देत नाही, म्हणजे जंतू स्वतःच्याच उष्ट्यानं मरतो. १९३४ मध्ये जर्मनीत तयार झालेलं हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गेलं, ते स्वस्त आणि रामबाण म्हणून. पुढे काही जंतूंच्या त्या पोटाच्या भिंतीतल्या एका प्रथिनात बदल झाले. त्यातला कळीचा बदल साखळीतल्या ७६ व्या जागेवरचा, तिथली एक कडी बदलली आणि ती भिंत औषध बाहेर फेकायला लागली. एका आजारी माणसाच्या रक्तात अब्जावधी जंतू असतात. इतक्यांत असा एखादा अधूनमधून निपजणारच, त्यात कुणाचा दोष नाही. तो एकटा आहे तोवर त्याला कोण विचारतो? त्याचं फावतं ते बाकीचे मरतात आणि हा मरत नाही एवढंच औषध रक्तात असतं तेव्हा.

आणि हे "एवढंच औषध" कसं तयार होतं, ते मी तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात उभा राहून पाहिलंय. माझ्या पुढे एक जण होता. ऊसतोडवाला नव्हे बरं का, मोटारसायकलवरून आलेला शेजारच्या गावचा बागायतदार, खिशाला पेन. "थंडीतापाच्या चार द्या," म्हणाला. दुकानदारानं दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कात्रीनं कापून दिल्या, पैसे घेतले, संपलं. क्लोरोक्विनचा मोठ्या माणसाचा साधारण हिशेब दहा गोळ्यांचा: पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. चार गोळ्यांत ताप उतरतो, हाच तर घात. माणसाला वाटतं झालं काम, आणि उरलेल्या जंतूंना रक्तात पातळ औषध मिळतं. हाच गृहस्थ बागेत लिटरला किती ग्रॅम हे वहीत लिहून ठेवत असणार. निम्म्या मात्रेनं फवारणी केली तर गडीमाणसाला शिव्या घालत असणार.

मात्र सगळं खापर रोग्याच्या डोक्यावर फोडणंही खरं नाही, आणि "कोर्स पूर्ण करा" एवढं पोस्टर चिकटवून मोकळं होणाऱ्यांना हे ऐकवलं पाहिजे. क्लोरोक्विन रक्तात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. दहाच्या दहा गोळ्या घेतलेल्या माणसाला महिन्याभरानं नवा डास चावला, तर नवा जंतूही पातळ औषधातच येऊन पडतो. म्हणजे शहाणा रोगीही नकळत निवड करत राहतो. सरकारांनी तर याहून मोठ्या प्रमाणावर केली. १९६० च्या सुमारास कंबोडियात पायलिनच्या रत्नखाणींच्या भागात मिठात मलेरियाचं औषध मिसळून वाटलं गेलं. रोजच्या जेवणात चिमूटचिमूट औषध! हेतू चांगला होता. पण जंतूंच्या तालमीला यापेक्षा सोयीचा आखाडा कुणी मुद्दाम बांधला असता का? क्लोरोक्विनला दाद न देणारा घातक फाल्सिपेरम जंतू १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आढळला होता. नंतर तिथंच एकामागून एक औषधं निकामी झाली. पायलिन हे नाव अर्धशतकानंतर पुन्हा ऐकू आलं, ते आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या नव्या औषधाच्या बाबतीत.

आता आमच्या पहिल्या वक्त्याकडे येतो, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य न करता पुढे जाणं लबाडी होईल. जंतू माणसांबरोबर प्रवास करतो. आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस जो क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतू पसरला, त्याचं मूळ आशियात होतं, हे त्याच्या जनुकांवरून सिद्ध झालंय. तो तिथं डासाच्या पंखांवरून गेला नाही, माणसांच्या रक्तातून गेला. पायलिनच्या खाणीतही देशभरातून मजूर येत, गोळ्या खात आणि ताप घेऊन घरी परतत. भारतात क्लोरोक्विन फसल्याची पहिली नोंद १९७३ ची, आसाममधली. तिथून ते इतर राज्यांत दिसत गेलं, त्यात माणसांच्या जाण्यायेण्याचा वाटा नाकारता येणार नाही.

मग आता जाणारे-येणारे कोण, तेही मोजू. ऊसतोडीच्या टोळ्या बहुतेक बीडच्या बाजूनं येतात. तो कोरडा पट्टा काही गडचिरोलीसारखा मलेरियाचा मुलूख नव्हे. त्या टोळ्या आपल्या शिवारात पाटाकडेला कोप्या घालून पाच महिने राहतात, दारं नाहीत, मच्छरदाणी नाही, पहाटे अंधारात फडात. तिथं त्यांना चावणारा डास कुठला, बीडचा? आणि आपलं काय? आमचा खानापूर-आटपाडी भाग म्हणजे गलाईवाल्यांचा. पाणी नव्हतं तेव्हा आमची माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात पार आसामपासून केरळपर्यंत पांगली. जत्रेला, दिवाळीला ती गावी येतात. साताऱ्याकडे पाटण-जावळीचा निम्मा गाव मुंबईत माथाडी. जंतूच्या दृष्टीनं हे सगळे आणि बीडची टोळी यांत फरक काय? २०२० मध्ये याच गावांनी मुंबईहून येणाऱ्या आपल्याच पोरांना अडवायला वेशीवर काटेरी झुडपं टाकली होती, ते फार जुनं नाही.

माझा चुलतभाऊ ओडिशात गलाईचं दुकान चालवतो. गावात ज्यांचा ताप उलटला त्या दोघांतला एक तोच. "गोळ्या लागू पडंनात" हे वाक्य सभेत आलं ते त्याच्याच जिवावर, म्हणून त्याच्या घरी जाऊन विचारलं. त्याचा मलेरिया व्हायवॅक्स जातीचा. या जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं, तेही डॉक्टरच्या नजरेखाली, कारण काही जणांच्या रक्तात जन्मजात एक कमतरता असते आणि त्यांना हे औषध बाधतं; गरोदर बाईला तर ते देतच नाहीत. भावानं कपाटातून पाकीट काढून दाखवलं. चौदापैकी चार दिवसांच्या गोळ्या गेलेल्या, बाकी तशाच. "ताप गेल्यावर कशाला खायच्या?" आणि ज्या खाजगी दवाखान्यात त्यानं दाखवलं, तिथं हे दुसरं औषध कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, नुसतं चिठ्ठीवर लिहून दिलं. म्हणजे ज्या तापावरून ग्रामसभेनं ‘औषध न जुमानणारा जंतू’ जाहीर केला, तो जंतू औषधाला व्यवस्थित दाद देणारा होता. त्याच्यापर्यंत औषध पोचलंच नव्हतं. आपल्या देशात व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन आजही चालतं.

बोगस गोळ्यांचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही. आग्नेय आशियात बनावट आर्टेसुनेटचा, म्हणजे आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेल्या औषधाचा, मोठा बाजार होता. काही गोळ्यांत औषध शून्य, काहींत नावापुरतं. नावापुरतं जास्त वाईट, ते का हे वर आलंच. पण आपल्याकडे सगळ्यावर हेच उत्तर फेकण्यात एक सोय असते, की मग आपण काय खाल्लं आणि किती खाल्लं हे कुणी विचारत नाही. पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना गोळ्यांवर संशय?

सभेत एक बाई मागून बोलल्या, त्यांचं कुणी फार मनावर घेतलं नाही, पण विरोधी बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा त्यांचाच होता. "आमच्यात मलेरिया हाय कुठं येवढा? वरसाला चार पेशंट. त्येवढ्यासाठी आशाताई दर तापाला बोट टोचती, कशापायी?" खरं आहे. सांगली-सातारा म्हणजे काही मलेरियाचं माहेरघर नव्हे, आणि नवा दाद न देणारा जंतू उद्या खानापुरातच जन्मेल असं मी म्हणालो तर ते थोतांड ठरेल. पण या जंतूचा इतिहास विचित्र आहे. मलेरियाचे सर्वाधिक रोगी आफ्रिकेत, तरी औषधं फसायला सुरुवात झाली ती बहुतेकदा आग्नेय आशियातल्या, आफ्रिकेच्या मानानं कमी मलेरियाच्या भागांत. असं का? आफ्रिकेच्या खेड्यात वारंवार मलेरिया झालेल्या मोठ्या माणसांना जंतू अंगात असूनही ताप येत नाही, म्हणून ती गोळी घेत नाहीत, आणि औषधाला दाद देणाऱ्या जंतूंना तिथं आसरा मिळतो. जिथं मलेरिया कमी, तिथं ज्याला जंतू लागला त्याला ताप येतो, आणि ज्याला ताप येतो तो गोळी घेतो. जवळजवळ प्रत्येक जंतूची औषधाशी गाठ पडते. त्यातून वाचलेल्याला स्पर्धाच उरत नाही. चार रोगी आहेत म्हणून सोडून द्या, हे गणित इथं उलटं बसतं.

आणि एकदा सोडून दिल्याचं फळ आपण भोगलंय. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटींना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा अंदाज होता. १९५३ ला नियंत्रण कार्यक्रम, १९५८ ला निर्मूलन. गावोगाव डीडीटी मारणारे आले, ज्यांच्या तारखा भिंतींवर लिहिलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला आठवतात. १९६५ पर्यंत आकडा लाखावर आला. गावात ‘कोयनेल’ (क्विनीन) हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढा उरला. मग ढिलाई आली, डीडीटी कमी पडलं, डास डीडीटीला दाद देईनात, आसामात जंतू क्लोरोक्विनला दाद देईना, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर. आता पुन्हा २०३० पर्यंत मलेरिया संपवायचं ठरलंय आणि आकडे पुन्हा खाली आलेत. म्हणजे आपण पुन्हा १९६५ च्याच उंबऱ्याशी उभे आहोत.

यातून वाट नाही असं मात्र नाही, आणि ती वाट बागायतदाराला पुन्हा ओळखीची वाटेल. मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात आलं आणि १९८० मध्येच आयर्लंड-हॉलंडमध्ये बटाट्याच्या करप्यावर फसलं. तेव्हापासून ते मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या जोडीनं विकलं जातं: एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडतो. मलेरियात तीच युक्ती. चीनच्या तू यूयू यांनी १९७२ मध्ये दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळं केलं, २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. हे औषध झपाट्यानं जंतू मारतं पण काही तासांत रक्तातून जातं, म्हणून त्याला रेंगाळणारा जोडीदार देतात. फाल्सिपेरमवर आपल्याकडे २०१० पासून ही जोडीच द्यायची असं धोरण आहे. कुठली जात हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून आशाताईची ती सुई. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या जिथं वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, त्या पश्चिम कंबोडियातच ते आधी ढिलं पडलं, आणि आता पूर्व आफ्रिकेतही तेच दिसतंय.

मलावीचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. त्या देशानं १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं. सरहद्दी बंद केल्या नाहीत. माणसं येतजात होती, शेजारी देशांत क्लोरोक्विन चालूच होतं. तरी काही वर्षांत दाद न देणारे जंतू मागे पडले, आणि २००५ मध्ये मुलांवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा शंभरातली नव्याण्णव त्याच जुन्या क्लोरोक्विननं बरी झाली. औषधाची धार असते तेव्हा त्या बदललेल्या जंतूचं फावतं. धार गेली की तोच बदल त्याला ओझं होतो. बंदी माणसांवर घातली असती तर हे झालं असतं?

माणसांवर बंदी घालून काय होतं, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली रँडचे गोरे सोल्जर घरांत घुसून माणसं ओढून नेत होते. लोकांनी रोगी लपवले, मढी लपवली. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साली मार्चमध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता लागण होऊन गेल्या. रोगी लपतो की समोर येतो, हे त्याच्याकडे कोण चालत येतंय यावर असतं. आणि योगायोग असा, त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला.

ऊसतोड कामगाराची अडचण तर फार साधी आहे. एक दिवस खाडा झाला की मजुरी गेली, मुकादमाची उचल अंगावर आहेच. तो तपासणीच्या रांगेत का उभा राहील, तिथं त्याला रोग आणणारा म्हणून बघणार असतील तर? तो दुकानात जाईल आणि चार गोळ्या मागेल. त्याऐवजी कोपीवर संध्याकाळी कुणी गेलं, तिथंच बोटातून थेंब घेतला, कळायला पाव तास, गोळ्या तिथंच दिल्या, चौदा दिवस कुणी विचारायला आलं आणि टोळी मध्येच दुसऱ्या फडावर गेली तर तिथल्या आशाताईला फोन केला, तर त्यात अवघड काय आहे? कारखाना टोळ्यांची यादी ठेवतोच, कुठल्या फडात कुठला कोयता आहे हे स्लिपबॉयला तोंडपाठ असतं. जी यंत्रणा उसाचं वजन किलोपर्यंत मोजते, तिला तापाची माणसं मोजता येत नाहीत?

सभेच्या शेवटी ठराव झाला. ग्रामसेवकांनी वाचून दाखवला: ‘गावात येणाऱ्या बाहेरील मजुरांची रक्ततपासणी करण्यात यावी.’ मी उठून म्हणालो, त्यात ‘आणि गलाईवरून, मुंबईवरून येणाऱ्या ग्रामस्थांची’ एवढं घाला. आधी हशा झाला, मग कुणी तरी "आता जत्रंला आलेल्या पोरास्नी सुया टोचायच्या व्हय?" म्हणालं, मग जरा शांतता. ग्रामसेवकांनी माझ्याकडे बघितलं, सरपंचांकडे बघितलं, आणि पेनचं टोपण लावलं.